वाघदरीची शर्यत आणि जानरावकाकांचं घड्याळ

"चैन पडली!" मोतीराम ओरडला आणि हातातलं लाल निशाण टाकून धावायला निघाला. मैनाने त्याचा सदरा मागून पकडला.

"थांब बे. हात लावशीन तं तुह्या भावाले शर्यतीतून काढून टाकतीन."

मोतीराम जागच्या जागी पाय आपटत राहिला. समोर, डोंगराच्या अवघड वळणावर, त्याचा मोठा भाऊ देवमन सायकल उलटी करून बसला होता. चैन दात्यांवर बसत नव्हती. बोटं काळी झाली, कपाळावर घाम आला. शेवटी एकदाची ती बसली. देवमनने टांग टाकली आणि दगडगोट्यांतून खडखडत तो खाली गेला.

१९६४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. अकोल्याच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत वाघदरी नावाचं गाव होतं. दरवर्षी दिवाळीनंतर तिथे डोंगरावरची सायकल शर्यत होई. गावातून निघायचं, बैलगाडीच्या वाटेने वर टेकडीवरच्या झेंड्यापर्यंत जायचं, वळसा घालायचा आणि परत यायचं. वाट अरुंद म्हणून एकेकाला सोडत. एक परतला की दुसरा निघे. सायकली साध्याच, दूध घालायच्या नाहीतर शाळेत जायच्या. मडगार्ड आणि कॅरियर काढून ठेवलं की झाली शर्यतीची सायकल!

अवघड वळणावर निशाण घेऊन उभं राहायचं काम यंदा तिघांना मिळालं होतं. मोतीराम, मैना आणि अमरावतीहून सुट्टीला आलेली इंदू. देवमन शेवटचा होता. तो गेल्यावर तिघंही डोंगर उतरू लागली. मैना मनातून खूश होती, पण मोतीरामसमोर ते दाखवत नव्हती. तिचा भाऊ धर्मपाल सकाळी याच वळणावरून असा गेला होता, की निशाण दाखवायलाही सवड मिळाली नव्हती.

यंदा जिंकणाऱ्याला नागपूरच्या मोठ्या शर्यतीत पाठवणार होते. धर्मपालला नागपूरला जायचंच होतं. आठ वर्षांपूर्वी वडिलांचं, म्हणजे नत्थुजींचं बोट धरून तो तिथे धम्मदीक्षेच्या सोहळ्याला गेला होता. पण गर्दी एवढी, की लहानग्या धर्मपालला सगळीकडे माणसांच्या पाठीच दिसल्या. "आता सायकलीवर बसून सारं शहर पायतो," असं तो म्हणायचा. रोज पहाटे वडिलांची टपालाची सायकल घेऊन डोंगर चढायचा आणि ते कामावर निघायच्या आत पुसून परत ठेवायचा.

तिघं गावात पोचली तेव्हा ताशा वाजत होता आणि लोकांनी देवमनला खांद्यावर घेतलं होतं.

"पयला आला?" मोतीरामचा विश्वास बसेना. "चैन पडूनयी?"

मैनाने भावाला शोधलं. धर्मपाल कडुनिंबाखाली सायकलचं चाक पुसत बसला होता, पुसून झालेलं तेच चाक पुन्हा पुन्हा.

फळ्यावर खडूने सगळ्यांची वेळ लिहिलेली होती, दोन रकान्यांत. एक रकाना किसनराव गुरुजींचा. बाळापूरच्या शाळेतून ते निवृत्त झाले होते आणि हातातल्या घड्याळाची कळ दाबून दरवर्षी तेच वेळ मोजत. दुसरा रकाना जानरावकाकांचा. ते इंदूचे काका, अमरावतीच्या तंत्रशाळेत शिकवायचे. यंदा त्यांनी विजेचं घड्याळ आणलं होतं! रस्त्यावर आडव्या पत्र्याच्या दोन लांब पट्ट्या, मध्ये भोकं पाडलेलं तरट. वरून चाक गेलं की वरची पट्टी भोकांतून खालच्या पट्टीला टेकायची, बॅटरीचा प्रवाह सुरू व्हायचा आणि टेबलावरचं मोठं घड्याळ आपोआप थांबायचं. तरट शिवायला इंदूनेच मदत केली होती.

देवमनच्या नावापुढे दोन्ही रकान्यांत बराच फरक होता. गुरुजींच्या हिशेबाने धर्मपाल पहिला. पण काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की माणसाचा अंगठा चुकतो, वीज चुकत नाही. गुरुजींनीही वाद घातला नाही. अंगठा म्हातारा झाला असेल बुवा, म्हणाले आणि तपकिरीची डबी काढून बसले.

इंदू फळ्यासमोरून हलेना.

"मैना, हे बघ," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांच्या वेळेत गुरुजी काकांपेक्षा किंचित मागे आहेत. अगदी किंचित. गुरुजींचा अंगठा म्हातारा असेल तर तो सगळ्यांसाठी म्हातारा असायला हवा. एकट्या देवमनदादासाठीच कसा?"

तिने काकांना विचारलं, देवमनदादा येताना तुम्ही घड्याळाकडे पाहत होता का. काका हसले. घड्याळ स्वतःच थांबतं, मग पाहायचं कशाला? ते तर सगळ्यांबरोबर रस्त्याकडे पाहत होते. एवढं बोलून ते जेवायला गेले.

मैना रस्त्यावरच्या पट्ट्यांजवळ बसली. बाकीचा रस्ता कोरडा फुफाटा, पण पट्ट्यांखालची माती काळी पडली होती. तिने तरट दाबलं. बोटांना पाणी लागलं.

"हे कावून ओलं आहे?"

मोतीरामने अंदाजाने सांगितलं. त्यांच्या घरची रीतच होती. कुणी मोठं काम करून परत येत असलं, की त्याची आई, सुंदराबाई, तांब्या घेऊन दारापुढे उभी राहायची. येणारा लांबून दिसला रे दिसला, की वाटेवर आडवं पाणी ओतायची. नजर तिथेच राहावी आणि माणूस तेवढा घरात यावा, म्हणून. आज सगळं गाव देवमनकडे पाहणार, तेव्हा ती दारातून उठून इथेच येऊन उभी राहिली असणार. त्याचं लाल बनियन उतारावर दिसताच तिने पाणी ओतलं असणार.

काकांची जादा पट्टी पेटीत होती. काका जेवत होते तेवढ्यात इंदूने ती घड्याळाला जोडली, बटण दाबून काटा सुरू केला आणि तरटावर तांब्याभर पाणी ओतलं. तिघंही काट्याकडे बघत राहिली. काटा आपला चालतच होता!

मोतीरामने मोठा श्वास सोडला. "पायलं? माह्या मायच्या पाण्यानं काई झालं नाई."

मैनाने तोंडावरचा घाम पुसला. ओली बोटं ओठांना लागली आणि ती थबकली. तिने रस्त्यावरच्या पहिल्या तरटात दुसरं बोट दाबलं आणि चाटून पाहिलं.

"खारट आहे."

मोतीरामचा चेहरा उतरला. नजरेच्या पाण्यात आई मूठभर मीठ आणि मोहरी टाकते, हे त्याला सांगावंच लागलं. इंदूला काकांनी शिकवलेलं आठवलं. साध्या पाण्यातून वीज जेमतेम जाते, मिठाच्या पाण्यातून मात्र सहज! मैनाने घरातून मीठ आणलं. मिठाचं पाणी तरटावर पडलं, आत झिरपलं आणि काटा टक्कन थांबला.

बक्षीस समारंभ चार वाजता होता. मोतीराम गप्प राहिला असता, तर त्याचा भाऊ नागपूरला गेला असता. मैना कडुनिंबाकडे बघत होती. तिथे धर्मपाल आता सायकलला मडगार्ड बसवत होता.

"दादाले सांगून येतो," मोतीराम म्हणाला आणि पळाला.

देवमनने सगळं ऐकून घेतलं. मग काळ्या झालेल्या बोटांकडे बघत म्हणाला, "मलेयी समजून नोतं रायलं, पयला आलो कसा. आता काय करू, सांग."

चार वाजता मंडळी जमली. तोवर उन्हाने पहिली पट्टी पार वाळली होती आणि इंदूने घड्याळ परत तिलाच जोडलं होतं. इंदूने काकांना आग्रह केला, की आसपासच्या गावांतून आत्ता आलेल्या लोकांनी यंत्र पाहिलंच नाही, एकदा दाखवा ना. काकांना तेवढंच हवं होतं! त्यांनी टेबल पुढे ओढलं, घड्याळ सुरू केलं आणि देवमनला सायकलवर येऊन पट्टीवरून जायला सांगितलं. इंदू हळूच म्हणाली, "काका, या वेळी रस्त्याकडे नाही, घड्याळाकडे बघा."

इकडे मोतीरामने आईच्या कानात सांगितलं, "माय, दादा बक्षीस घ्याले येऊन रायला. पुरा गाव पायते."

सुंदराबाई तांब्या घेऊन लगबगीने पुढे आली. उतारावर लाल बनियन दिसलं. तिने तांब्या पट्टीवर आडवा रिता केला.

काटा थांबला. देवमन अजून लांब, बाभळीपाशी होता.

काका घड्याळाकडे बघत राहिले. मग रस्त्याकडे, मग सुंदराबाईच्या तांब्याकडे. ताशेवाल्याचा हातसुद्धा थांबला. देवमन सावकाश पट्टीवरून आला, उतरला, आणि काय झालं ते त्यानेच सगळ्यांना सांगितलं.

"म्या पोराचं भलं कराले गेली न दुसऱ्याच्या पोराचं नुसकान केलं व माय," सुंदराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली.

काका चांगले शिक्षक होते. त्यांनी खडू उचलला, देवमनपुढची स्वतःची वेळ पुसली आणि गुरुजींचीच ठेवली. "पुढच्या वर्षी मी तरट नाही, रबर घालीन," ते म्हणाले. "पण गुरुजी, तुमचा अंगठा शेजारी हवाच."

"अंगठा देतो," गुरुजी म्हणाले, "पण फळ्यापाशी ही तीन पोरं बसवा. आपण नुसते आकडे लिहिले, यांनी ते ताडून पाहिले." त्यांनी मोतीरामला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

हार धर्मपालच्या गळ्यात देवमननेच घातला. नागपूरला नेण्यासाठी आपल्या सायकलची नवी गादीही काढून दिली.

आठवड्याने धर्मपाल निघाला, तेव्हा अख्खी वाघदरी रस्त्यावर आली होती. सुंदराबाई तांब्या घेऊन उभी होती. पुढे यावं की नाही, अशा विचारात. धर्मपाल सायकलवरून उतरला.

"मावशी, आमी नजर-गिजर मानत नाई," तो हसून म्हणाला. "मीठ टाकलं का त्याच्यात?"

"नाई रे बापू. साधं आहे, आडाचं."

"मंग सांडता कावून? मले द्या."

त्याने तांब्या घेतला आणि सगळ्या गावासमोर, उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. रिकामा तांब्या सुंदराबाईच्या हाती दिला, टांग टाकली, आणि गावाबाहेरच्या वळणावर मैना निशाण दाखवेपर्यंत तो निघूनही गेला होता.