घंटा नसलेलं देऊळ

"अगं आई, देवळातच आहे मी! मिस्सा आत्ताच संपली... हो, कॅरिनाने खाल्लंय... हो गं, स्वेटर घातलाय!"

फोन कान आणि खांद्यात दाबलेला, एका हातात लेकीची पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात लेकीचा हात. आणि दोह्यात कधी नव्हे तो पाऊस नेमका तेव्हाच कोसळायला लागला. चर्चच्या आवारात कडेला काहीतरी बांधकाम चाललं होतं. आंद्रिया कॅरिनाला ओढत तिथल्या पत्र्याखाली पळाली.

तिथे आधीच एकजण उभा होता. उंच, गोरा, उन्हाने नाक सोललेला, डोक्यावर पांढरं हेल्मेट. तिचा फोन संपेपर्यंत तो चुळबुळत थांबला आणि मग इंग्रजीत म्हणाला, "माफ करा... तुम्ही आत्ता 'देऊळ' म्हणालात?"

"म्हणाले. का?"

"माझा साइट इंजिनियर देवव्रत पुण्याचा आहे. तो म्हणतो, देऊळ म्हणजे हिंदूंचं मंदिर. तुम्ही तर मिस्सेच्या प्रार्थनेहून आलात."

"मग त्या पुणेकरांना सांगा, आमच्या वसईत आम्ही देवळातच जातो. तिथे क्रूस असतो, फादर असतात, घंटा असते, आणि तरी ते देऊळच असतं. काही तक्रार?"

"तक्रार?" तो हसला. हसला की त्याचे कान लाल व्हायचे — हे तिला नको असताना दिसलं. "माझ्या गावाबाहेर एक पडकं चर्च आहे. आयर्लंडमध्ये, पार पश्चिमेला. छप्पर नाही, आत गाई चरतात. आमच्या भाषेत त्याला म्हणतात ट्यांपल. टेंपल. म्हणजे तुमचं... देऊळच की!"

"ममा, काउज इनसाइड द चर्च?" कॅरिनाचे डोळे विस्फारले. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर म्हणून इंग्रजीशिवाय काही तोंडातून निघायचं नाही.

त्याचं नाव फिंटन. छप्पर नसलेल्या त्या देवळात खेळून मोठा झालेला, म्हणूनच बहुधा वास्तुविशारद झालेला. शिक्षण संपताच घर सोडलं ते सोडलंच. केनियात चर्च बांधलं, मग फिलिपिन्समध्ये दोन-तीन, आणि आता इथे हे छोटं चॅपेल.

"घंटा कुठे लावणार?" आंद्रियाने वर पाहत विचारलं.

"घंटा नाही. मनोरा नाही, बाहेर क्रूसही नाही. कतारचा नियम. बाहेरून साधी भिंत."

"मग आत काय आहे ते कळणार कसं?"

"ते माझं काम."

"अरेच्चा, माझंही तेच काम आहे."

"तुम्हीही आर्किटेक्ट?"

"मी एक्स-रे काढते," ती म्हणाली आणि पाऊस थांबलाय हे बघून लेकीचा हात धरला. जाता जाता सवयीने तोंडातून निघून गेलं, "येते हं!"

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या आणि मिस्सेच्या वारी, देवव्रतनेच तिला गाठलं. "मॅडम, तुम्ही काय केलंत हो आमच्या साहेबांचं? मला विचारलं, येते म्हणजे काय. मी म्हटलं, शी इज कमिंग. झालं! दोन करक चहा, इथला तो वेलचीवाला, घेऊन त्या पत्र्याखाली उभे. चहा गार, साहेब गार!"

आंद्रियाला हसू आवरेना. फिंटन मागे उभा होता, कान लालभडक.

"तुम्ही लोक जाताना येते म्हणता?"

"जाते कसं म्हणणार? अशुभ वाटतं. जाणारा माणूस परत येणार, म्हणून येते."

"आणि नाही आला तर?"

तिने कॅरिनाच्या स्वेटरचं बटण लावलं. मग म्हणाली, "चहा द्या. गरम."

त्यानंतर शुक्रवार जरा लवकर उजाडायला लागला. मिस्सा झाली की कॅरिना हेल्मेट घालून मिरवायची, आणि फिंटन आंद्रियाला भिंती दाखवायचा. अमुक दगड का, तमुक कोन का. एकदा त्याने तिला वेदीसमोर उभं केलं आणि वर बोट दाखवलं. पूर्वेच्या भिंतीत, छपराला लागून, एक अरुंद फट होती.

"थंडीच्या दिवसांत शुक्रवारच्या मिस्सेला उजेडाची पट्टी इथून आत येईल, भिंतीवरून उतरेल आणि फादर प्रसाद उंच धरतील तेव्हा बरोबर वेदीवर येईल. आवाज नाही, काही नाही. तीच घंटा."

आंद्रियाच्या अंगावर काटा आला. तो तिने स्कार्फखाली झाकला. "आणि तुम्ही कुठे बसणार तेव्हा?"

"मी? मी नसतो. पहिल्या मिस्सेआधी मी निघालेला असतो. दर वेळी."

"म्हणजे... स्वतः बांधलेल्या एकाही देवळात तुम्ही मिस्सेला बसलेला नाहीत?"

"पुढचं काम वाट बघत असतं."

"मी पेशंटचा एक्स-रे काढला आणि फिल्म न बघताच घरी निघून गेले तर? मला नोकरीवर ठेवतील?"

त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं. "आणि चुकलेलं असेल तर?" हळूच म्हणाला.

"तर कळेल! पळपुटेपणा नुसता."

तिच्या तोंडून मराठीतच निघालेल्या 'पळपुटेपणा' या शब्दाचा अर्थ त्याने देवव्रतला विचारला. दोन शुक्रवार तो तिच्याशी मोजकंच बोलला. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाला, "समैस्माला येता? समुद्र आहे. कॅरिनाला शिंपले मिळतील."

समैस्माचा समुद्र उथळ, सामावून घ्यायला तयार असलेला. कॅरिना घोट्याएवढ्या पाण्यात शिंपले वेचत होती. वारा आंद्रियाचे केस सारखे तोंडावर आणत होता आणि फिंटनचा हात दर वेळी थोडासा उचलला जाऊन खाली येत होता. तिसऱ्यांदा तिनेच ते केस कानामागे घेतले.

"मनिलाहून काम आलंय," तो म्हणाला. "मोठं आहे. चॅपेलचं रंगकाम संपलं की जायला हवं." मग वाळूकडे बघत, "आंद्रिया, मला पहिल्यांदाच कुठूनतरी जावंसं वाटत नाहीये. आणि त्याचं कारण चॅपेल नाही."

 ती सरळच बोलली, "फिंटन, तू मला आवडतोस. खोटं कशाला बोलू! पण मला लेक आहे. काम संपलं की निघणाऱ्या माणसाची वाट बघायची सवय मी तिला लावणार नाही. मला फिल्म बघणारा माणूस हवा, चुकलं तरी थांबून बघणारा. नसेल जमत तर आत्ताच सांग. मी रडेन, पण चालेल."

त्याने वाळूतला एक शिंपला उचलला, परत ठेवला. लाटा आल्या, गेल्या.

"मनिलाला शब्द दिलाय, जावं लागेल," शेवटी म्हणाला. आणि मग तुटक मराठीत, एकेक अक्षर जपून, "पण मी... येतो."

आंद्रिया ताडकन उठली. "तो शब्द नको. जॉनसन — कॅरिनाचा बाबा — हाच शब्द बोलून कामाला गेला होता. तिकडून गाडीचा अपघात झाल्याचा फोन आला. तू आपला 'जातो' म्हण. अशुभ असू दे, निदान खरं तरी असेल."

तोही उठला. डोळ्यांत पाणी होतं, हनुवटी मात्र हट्टी पोरासारखी वर. "नाही म्हणणार. येतो."

तो गेला. मेसेज यायचे. मनिलाच्या पावसाचे, अर्धवट भिंतींचे. प्रत्येकाच्या शेवटी देवनागरीत, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून फोटो काढलेलं 'येतो'. आंद्रियाने एकालाही उत्तर दिलं नाही. एकही पुसला मात्र नाही.

थंडी पडली आणि चॅपेलमधल्या पहिल्या मिस्सेचा शुक्रवार आला. आंद्रियाने वसईहून आईने पाठवलेली साडी नेसली. आत माणसंच माणसं. वसईची, मुंबईची, गोव्याची. तिने बाकाच्या कडेला एक जागा धरून ठेवली होती, पर्स ठेवून. कुणी विचारलं की म्हणायची, "येतायत." म्हणताना स्वतःचाच राग यायचा.

मिस्सा सुरू झाली. वरच्या फटीतून उजेडाची पट्टी आत शिरली. भिंतीवरून उतरू लागली... हळू, अगदी हळू. गाणारे एकेक करून गप्प झाले, इतकं ते देखणं होतं. फादरनी प्रसाद उंच धरला.  पट्टी वेदीशी आली आणि... थांबली असं वाटलं. वेदीच्या अलीकडे, जमिनीवर.

"चार बोटं," शेजारून कुणीतरी पुटपुटलं. "चार बोटं चुकलंय."

ती पट्टीकडे बघत असतानाच कधीतरी पर्स तिच्या मांडीवर आली होती आणि त्या जागी तो बसला होता. चुरगळलेला शर्ट, पायाशी सामानाची बॅग, नाक नव्याने सोललेलं. आणि तो पळत नव्हता. आपली चूक उघड्या डोळ्यांनी बघत होता.

"फिल्म बघायला आलोय," तो म्हणाला.

तिने त्याच्या बॅगेकडे पाहिलं. "मनिला?" तिने विचारलं.

"त्यांना दुसरा माणूस मिळवून दिला. देवव्रतच्या कंपनीत जागा आहे. आणि ही फट दुरुस्त करायला हवी."

"किती वेळ लागेल?"

"खूप," तो गंभीरपणे म्हणाला. कान मात्र लाल. "दर थंडीत तपासावं लागेल. म्हातारा होईन बहुतेक... तू थांबशील का, आंद्रिया? मला एकट्याला मोजता येणार नाही."

 बाकावर त्याचा हात होता, त्यावर तिने आपला ठेवला. घट्ट.

दोघांच्या मधून कॅरिनाने डोकं वर काढलं आणि मोठ्यांदा, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ममा, ते येतो म्हणालेले ना!"

मराठीत.

बाहेर आल्यावर फोन वाजला. वसईहून आईला, मॅग्डलीनबाईंना, धीर निघत नव्हता. "काय गं, देऊळ कसं झालंय?"

आंद्रियाने मागे वळून पाहिलं. साध्या, काही न सांगणाऱ्या भिंतीपाशी फिंटन उभा होता, दोन करक चहा घेऊन. वाफा निघत होत्या.

"चुकलंय आई, चार बोटं. पण माणूस थांबलाय."

"माणूस? कोण माणूस गं?"

"ते फोनवर नाही सांगत," आंद्रिया म्हणाली, आणि तो शब्द किती दिवसांनी न घाबरता तोंडात आला.

"येतो आम्ही."