देवक न सांगणारा किज्जा

बुगांडातल्या म्पिगीच्या पुढच्या चढावर बसने मान टाकली, तेव्हा प्रॉसी नांक्या पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या लाल मातीत बसली. उद्यापासून मसाकाच्या शाळेत शिकवायला लागायचं होतं आणि आजच हे! एक पांढरी गाडी पुढे गेली, थांबली, मागे आली. काचेतून एक हसरा चेहरा बाहेर आला. मसाकाच्याही पुढे चाललोय म्हणाला, दोघींना सोडतो. दोघी म्हणजे प्रॉसी आणि तिच्या शेजारची, कोंबडी कुशीत घेतलेली आजी. आजी चढली म्हणून प्रॉसी चढली. तेही पुढच्या सीटवर, कारण मागची कोंबडीने घेतली.

त्याचं नाव किज्जा. आता जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेला प्रत्येकजण किज्जाच असतो. इतर नावांवरून कूळ कळतं, तसं त्यावरून काही कळत नाही. आजीने पहिल्याच वळणावर विचारलं, "बाळा, देवक कोणतं तुझं?"

"आजी, तुमची कोंबडी अंडं देणार बहुतेक," तो आरशात बघत म्हणाला.

आजी कोंबडीकडे वळली. प्रॉसी वळली नाही. बुगांडातली दोन माणसं भेटली की नमस्कारापाठोपाठ देवक सांगतात. एका देवकाची माणसं बहीणभाऊ. मग पुढच्या हसण्याबोलण्याला आपोआप बांध बसतो. आणि हा माणूस... धूळ येऊ नये म्हणून तिच्या बाजूची काच वर करतो, कुठलं गाणं लावू म्हणून विचारतो, तिच्या उत्तराला उगाच हसतो, आणि देवक तेवढं सांगत नाही. त्याची बोटं लांबसडक आहेत हे तिच्या लक्षात आलं, आणि ती स्वतःवरच चिडली.

लुकायाला आजी उतरली. कोंबडी सावरत प्रॉसीच्या कानाशी लागली. "पोरी, देवक लपवणाऱ्याच्या घरी एक तर बायको असते, नाहीतर तो तुझाच भाऊ असतो. दोन्हीकडून तुझंच नुकसान."

प्रॉसीने मनाशी ठरवलं, याला खाण्यात पकडायचं. आपलं देवक कुणी खात नाही. विक्रेत्या खिडकीला झोंबल्याच होत्या. गाडीत घेतल्याचे उपकार फेडते म्हणत तिने तळलेले टोळ घेतले. त्याने मूठभर तोंडात टाकले. म्हणजे टोळ कुळाचा नाही. केळीच्या पानातली अळंबी दिली. बोटं चाटली त्याने. तेही गेलं. मग तिने धुरावलेला मम्बा मासा घेतला, कागदाचं टोक दोन बोटांत धरून, कारण ते तिचंच देवक होतं.

"नको," किज्जा म्हणाला. सकाळपासूनचं पहिलं नको.

भाऊच निघाला! ती वीतभर दाराकडे सरकली. पुढचे दहा मैल गाडीत फक्त गाणं बोलत होतं, तेही तिच्याच आवडीचं.

शेवटी न राहवून तिने गाडी थांबवायला लावली. फणसाच्या झाडाखाली गाडी थांबली.

"भाऊ असाल तर तसं सांगा, मी बहिणीसारखी शेंगा सोलून देईन. बायको असेल तरी सांगा. पण हे असं..."

"पिशवीवर तुमचं नाव वाचलं. नांक्या," तो म्हणाला. "मम्बा कुळातली मुलगी शेजारी बसलेली. तिच्या देखत तिचं देवक चघळू?"

"आणि तुमचं देवक?"

"मला माहीत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील तो जन्मायच्या आधीच गेले. आई सासरच्यांशी भांडून जिंजाला निघून गेली आणि त्या घराचं नाव तिने परत तोंडातून काढलं नाही. मागच्या महिन्यात, खूप खनपटीला बसल्यावर, एका गावाचं आणि एका आत्याचं नाव तेवढं सांगितलं. इतकी वर्षं लग्नाकार्यात कुणी देवक विचारलं की हा कोंबड्यांबद्दल बोलतो. कूळ नसलेल्या माणसाला मुलगी मागायला अंगणात तरी कोण उभं करणार?

"म्हणून आज आत्याकडे चाललोय. तशी सकाळपर्यंत काही घाई नव्हती," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

प्रॉसीने पदरात पडलेलं ते वाक्य ऐकलंच नाही असं दाखवलं. "आणि आत्या मम्बा म्हणाली तर?"

"तर मला बहीण मिळेल... आणि मी फार वाईट भाऊ होईन."

गोष्ट छान होती. पण छान गोष्टी लग्न झालेल्या पुरुषांनाही सुचतात. "चला," ती म्हणाली, "तिथे आत्या आहे की बायको, ते मला डोळ्यांनी बघायचंय."

आत्याच होती. अंगणात चटईवर कॉफीच्या बिया वाळत घालत होती. प्रॉसीने गुडघे टेकून नमस्कार केला, पण आत्याची नजर मागे. "माझ्या भावाचे कान घेऊन कोण आलाय हा?" म्हणाली आणि त्या बियांवरच मटकन बसली. रडली, इतकी वर्षं कुठे होतास म्हणून शिव्या दिल्या, केळ्याची मटोके वाढली. किज्जाला मात्र मुख्य प्रश्न विचारवेना. एक बी बोटांत फिरवत बसला.

"आत्या, ह्यांचं देवक कोणतं?" शेवटी प्रॉसीनेच विचारलं.

"तुझं कोणतं, ते आधी सांग."

"मम्बा."

आत्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आत्यांना घाई म्हणून कसली ती नसते. मग म्हणाली, "आमचं अळंबी."

प्रॉसीला हसू फुटलं. किज्जाने घाबरून तोंडावर हात ठेवला आणि सकाळचा गुन्हा कबूल केला. न कळता खाल्लेलं पूर्वज मोजत नाहीत, असं आत्याने सांगितलं आणि त्याला उभं केलं. मुलीसमोर नुसतं किज्जा म्हणून चालत नाही. बाप, आजा, पणजा असा वंश म्हणून दाखव. तिने एकदाच सगळी नावं सांगितली.

तो चटईच्या कडेला उभा राहिला, हात सरळ, परीक्षेला उभं केल्यासारखा. "मी किज्जा. येरेमियाचा मुलगा. एरियासाफूचा नातू. कूळ अळंबी. आणि... पणतू..."

अडला. आत्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच प्रॉसी म्हणाली, "यिसायाचा."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. किज्जाही. प्रॉसीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण आता मागे फिरणं नव्हतं.

"आता तू बस," ती त्याला पहिल्यांदाच तू म्हणाली आणि उठून उभी राहिली. "माझी नावं नीट ऐक. मी एकदाच सांगणार आहे."