शून्य आकाराची फाइल

लेकीच्या ऑफिसात एक प्रोग्रॅम होता. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, फाइल कुठल्या प्रकारची ते सांगायचं, की तो तिचा साधा मजकूर करून देई. वडिलांच्या जुनाट लेखन-प्रोग्रॅमचा प्रकार मात्र त्याच्या यादीत नव्हता. तो पर्याय लेकीने रविवारी, प्रोग्रॅम घरी आणून वडिलांच्या टेबलाशी बसून घातला, कारण आईने महिनाभर भुणभुण लावली होती.

"जाण्याआधी शेवटच्या आठवड्यात रोज दुपारी टाइप करत बसायचे," आई म्हणे. "विचारलं तर म्हणाले, तुलाच पत्र लिहितोय. तेवढं मला वाचून दाखव."

वडिलांनी जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले. कागद पूर्ण झाल्याशिवाय यंत्रातून काढायचा नाही, हा त्यांचा बाणा. संगणक आला तरी खोड गेली नाही. मजकूर संपेपर्यंत ते सेव्ह करत नसत. वीज गेली की सगळी मेहनत पाण्यात.

नवा पर्याय पहिल्याच फटक्यात चालला. पाणीखात्याला अकरा तक्रारी, शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी एक, डॉक्टरला दोन पानी उपदेश. हसून हसून आईची पुरेवाट झाली. शेवटच्या फाइलीचं नाव होतं 'हिच्यासाठी'. आकार शून्य. नाव देऊन ठेवलेलं, आत एक अक्षर नाही.

आता आईला काय सांगायचं? वेळ मारून न्यायला तिने तीही फाइल प्रोग्रॅमला दिली. रिकामं आत गेलं की रिकामंच बाहेर यायला हवं.

एक ओळ आली. "थांब, अजून लिहितोय."

तिने आपला कोड ओळ न् ओळ तपासला. असं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. सोमवारी ऑफिसात तीच फाइल चालवली, तर काहीच आलं नाही. संध्याकाळी घरी, वडिलांच्या टेबलावर, दोन ओळी आल्या. मंगळवारी पाच. आईच्या गुडघ्याची चौकशी, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणाची माफी. फाइलीचा आकार शून्यच.

"हे त्यांचंच," आई म्हणाली. "माफी मागताना इतकं लांबण लावणारा दुसरा कोण?"

बुधवारी ती केस विंचरून, खुर्ची ओढून तयार बसली. तिला इतकं सुखात लेकीने वर्षभरात पाहिलं नव्हतं. तो पर्याय काढून टाकावा असं लेकीच्या दोनदा मनात आलं, पण हात धजला नाही.

त्या दिवशी खाली नवी ओळ होती. "उद्या संपेल. मग उठतो आणि तुला न्यायला येतो."

लेकीने ती मोठ्याने वाचलीच नाही. आईने चष्मा लावला आणि स्वतः वाचली.

"बंद करते मी हे, आई."

"राहू दे. सकाळी येणार की दुपारी, तेवढं विचार ना त्यांना."

"यात विचारता येत नाही गं. हे फक्त वाचतं."

लेकीने तिचा हात घट्ट धरला आणि निव्वळ तिच्या समाधानासाठी, एका हाताने, आज्ञा पुन्हा चालवली.

"दुपारी. तेव्हा मात्र पोरीला हात सोडायला सांग."