गाळणीत अडकलेला धडा

“टोप घाला बाई, अर्ध्या तासात काम फत्ते,” डॉ. हेरंब ढवळीकर म्हणाले. चंद्रपूरच्या कौशल्यरोपण प्रयोगशाळेत बाकीचे शिक्षक टोप घालून डोळे मिटून बसले होते. उभ्या होत्या त्या एकट्या कुंदा वासनिक, सातवीच्या विज्ञानाच्या बाई.

“या टोपात आहे तरी काय?”

“एका नामांकित शिक्षकाच्या हातांची स्मृती. त्यांनी प्रयोग केला, यंत्रानं मेंदूतले संकेत टिपले. चुकलेले संकेत गाळणी काढून टाकते. उरतं ते निर्दोष कौशल्य.”

“आणि चुकल्यावर हात जे शिकतो, ते जातं कुठं?”

“कचऱ्यात!”

“मग राहू द्या ना. सेल, वायर, बल्ब द्या. करून शिकते मी.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. उद्या इथंच मुलांपुढे परीक्षेचा पाठ घ्यायचा होता; तो फसला तर बाईंचा वर्ग काढून घेतला जाणार होता. सातवीची पोरं सोडायची बाईंची मुळीच तयारी नव्हती. हट्टीच त्या! दिवसभर वायरी सोलत बसल्या. बोट कापलं, सेल उलटे लागले. दर वेळी स्वतःवरच चिडल्या आणि पुन्हा जोडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. बल्ब पेटवायचा होता. साहित्य शाळेतलंच, वापरून जुनं झालेलं. टोपवाल्या शिक्षकांनी झोकात जोडणी केली. बल्ब पेटेना. त्यांनी पुन्हा तशीच केली, मग पुन्हा तशीच. मुलं खुदुखुदू हसू लागली.

कुंदाबाईंचाही बल्ब पेटला नाही. त्यांनी तो मुलांपुढे ठेवला. “का बरं रुसला असेल?”

“मॅडम, हे टोक गंजलं ना!” एक मुलगी ओरडली.

“मग खरवड की!”

बल्ब पेटला. वर्ग राहिला, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर धावत आले. “बाई, तुमचंच कौशल्य टिपू. राज्यभर देऊ!”

बाईंनी संकेत टिपणारा टोप घातला. जोडणी केली, चुकल्या, शोधलं, पेटवलं. गाळणी फिरली. डॉक्टरांनी पडद्यावर आधीची स्मृती शेजारी लावून पाहिली.

“ही तर आधीचीच स्मृती! काडीचाही फरक नाही. म्हणजे ते पहिले शिक्षक...”

“माझ्यासारखेच चुकत शिकले असतील. शिकवण्याजोगं होतं तेवढंच तुम्ही गाळलंत, डॉक्टरसाहेब.”

त्यांनी वायर आणि चाकू पुढे सरकवला. डॉक्टरांनी चाकू दाबून फिरवला. आवरणासकट आतली तारही तुटली.

“छान,” कुंदाबाई म्हणाल्या. “झाली सुरुवात.”