पडद्यामागचा चौथा शनिवार

संध्याकाळी बरोबर सहा वाजता गिटारचा पहिला सूर ऐकू आला.

शनिवार, १८ जानेवारी २०२५. समर्थनगरमधला एक छोटा हॉल. आम्ही एकशे सात जण होतो.

यातलं काहीही मी रचलेलं नाही. वेळा माझ्या वहीत आहेत. तिथं नसलेल्या कुणाला हे पटणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण हे प्रकरण अजून संपलेलं नाही.

मी सोनिया. शहरातल्या एका दैनिकात एकोणीस वर्षं बातमीदार आहे.

त्या हिवाळ्यात कडुबा सरांनी, म्हणजे संगीताच्या एका निवृत्त शिक्षकांनी, गिटारचे पाच शनिवार ठेवले होते. सिनेमातली गाणी नाहीत. नायलॉनच्या तारा, नखांनी छेडायच्या. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. माईक नाही. पहिल्या तीन शनिवारी पुण्याची एक कॉलेजातली मुलगी, गोव्याचे एक वृद्ध फादर आणि नांदेडचा एक दाताचा डॉक्टर वाजवून गेले.

चौथा शनिवार मात्र दर वर्षी वेगळा असायचा.

त्या दिवशी कलाकार बंद पडद्यामागे बसून वाजवतो. "लोक बोटं बघत बसतात, ऐकत नाहीत," असं सरांचं म्हणणं. कार्यक्रम संपल्यावरही कलाकार पडद्याबाहेर येत नाही. मागच्या दारानं निघून जातो.

त्या वर्षी चौथा शनिवार ओवैसचा होता.

ओवैस एकतीस वर्षांचा. रोशन गेटजवळ घर. जालन्याला आठवड्यातून तीन दिवस गिटार शिकवायचा आणि मोटारसायकलवर परत यायचा. धाकटी बहीण मंतशा त्याच्याकडूनच शिकली. सहा रचना होत्या. सहावी दोघांची. त्या वेळी मंतशानं पहिल्या रांगेतून उठून पडद्याआड जायचं होतं.

आता माझी चूक सांगते.

तालुक्यांना जाणारी आमची डाक आवृत्ती लवकर छापली जाते. तिचं सांस्कृतिक पान साडेपाचला सुटतं. दुपारी डेस्कवरून उपसंपादक रामकिसनचा फोन आला.

"सोनिया, पाचच्या आत बातमी टाक. सिल्लोडची गाडी तुझ्या गिटारसाठी थांबणार नाय."

"अरे, कार्यक्रम सहाला आहे."

"मग? तो काय क्रिकेट खेळणारय का, निकाल लागायला?"

असं आम्ही सगळेच करतो. छापील कार्यक्रमपत्रिका समोर ठेवायची आणि झालेल्या कार्यक्रमासारखी बातमी लिहायची. मीही लिहिली. खरी वाटावी म्हणून त्यात एक तपशील मनानं घातला. तिसऱ्या रचनेत तार उतरली, ओवैस यांनी थांबून ती लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटचं वाक्य असं होतं: 'अखेरच्या रचनेसाठी मंतशा पडद्याआड गेल्या. टाळ्या बराच वेळ सुरू राहिल्या, पण दोघंही भावंडं बाहेर आली नाहीत.'

प्रथेप्रमाणे लिहिलं होतं. त्यात वावगं काहीच नव्हतं.

पावणेसहाला मी हॉलवर पोहोचले. मंतशा मांडीवर गिटार घेऊन बसली होती. मी शेजारी बसले.

"भाईजान आला का गं?"

"माहीत नाय आपा. फोन लागंना. मागच्या दाराची चावी त्याच्याकडंच आहे. आला असंल नायतर येईल धडपडत. त्याच्या निकाहाच्या दिवशीबी काझीसाहब बसून, अन् हा दाढी करतोय!"

आम्ही दोघी हसलो. कडुबा सर घड्याळ बघत होते.

"सहा म्हणजे सहा. दिवे घालवा."

दिवे गेले.

क्षणभर शांतता...

आणि पहिला सूर आला.

मंतशा माझ्या कानाशी म्हणाली, "आला बघा!"

पहिली रचना झाली. दुसरी झाली. वादन सुंदर होतं. फक्त एक गोष्ट मला खटकली. गिटारवर बोटं सरकताना तार कुरकुरते. पुढच्या रांगेत ती ऐकू येतेच.

आज ती कुरकुर ऐकूच येत नव्हती.

श्वास नव्हता. खुर्चीचा आवाज नव्हता. फक्त सूर.

सहा वाजून बावीस मिनिटं. तिसरी रचना सुरू होती.

अचानक एक तार... उतरली.

वादन थांबलं. खुंटी फिरल्यासारखा सूर हळूहळू वर चढला. मग रचना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं. तार उतरू शकते. कुणाचीही उतरते.

सहा एकतीसला फोन थरथरला. रामकिसनचा संदेश होता.

'जालना रोडवर करमाडजवळ अपघात, ५.२० वाजता. मोटारसायकलवाला जागीच गेला. ओवैस नाव, गिटार शिकवायचा म्हणे. तुझ्या कार्यक्रमातला नाय ना?'

पडद्यामागं चौथी रचना चालू होती.

मी संदेश दोनदा वाचला. शेजारी मंतशा डोळे मिटून मान डोलावत होती. खात्री नसलेली बातमी सांगायची नाही, हे हाडात भिनलेलं. मी लिहिलं, 'नाव नक्की कर. फोटो पाठव.'

सतरा मिनिटं उत्तर नाही.

त्या सतरा मिनिटांत मी पडद्याकडे बघितलं नाही.

सहा अठ्ठेचाळीसला वाहन परवान्याचा फोटो आला. ओवैसच होता. खाली रामकिसननं लिहिलं होतं, 'खिशात एक पितळी चावी सापडली. बाकी काही नाय.'

पाचवी रचना संपली.

मंतशा गिटार घेऊन उठली.

आणि मला माझंच शेवटचं वाक्य आठवलं. दोघंही भावंडं बाहेर आली नाहीत.

मी तिचं मनगट धरलं.

"जाऊ नकोस."

"आपा, हात सोडा. माझी बारी आहे."

पडद्यामागून चार मात्रा वाजल्या. पाचव्या मात्रेवर दुसरी गिटार यायची होती. सूर तिथं येऊन थांबला...

पुन्हा चार मात्रा. पुन्हा थांबला.

"वेड लागलं का तुम्हाला? तो थांबलाय माझ्यासाठी!"

मी फोन तिच्यासमोर धरला.

तिनं वाचलं. फोटो बघितला. मग पडद्याकडे बघितलं.

"मग हे कोण वाजवतंय?" इतक्या हळू, की माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नसेल.

तिसऱ्यांदा चार मात्रा.

मग लाकडावर नखानं टिचकी मारल्याचा आवाज. टक... टक... मंतशा लहानपणी तालाला चुकली की ओवैस गिटारवर अशीच टिचकी मारायचा, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त एक पाऊल पुढं गेली. मी दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलं. तिची गिटार खाली पडली. तो आवाज हॉलभर घुमला.

त्यानंतर पडद्यामागं काहीही वाजलं नाही.

कडुबा सरांनी चिडून पडदा ओढला.

खुर्ची होती. डाव्या पायाखाली घ्यायचं छोटं स्टूल होतं. शुक्रवारी सरावानंतर ओवैस ठेवून गेला होता ती गिटार पेटीतच होती. पेटीच्या दोन्ही कड्या लावलेल्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. त्याची एकच चावी होती, आणि ती करमाडला पोलिसांच्या पिशवीत होती.

लोकांना वाटलं, ध्वनिमुद्रण लावलं असेल. हॉलमध्ये यंत्र नव्हतं. मी स्वतः शोधलं.

शहर आवृत्तीत अपघाताची बातमी गेली. डाक आवृत्तीत माझी. सिल्लोड, पाचोडला रविवारी लोकांनी वाचलं, की ओवैस छान वाजवून गेला. मंगळवारी खुलासा छापला. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती. पाचवा शनिवार रद्द झाला.

ओवैसच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी मंतशाच्या घरी गेले. तिनं चहा दिला.

"तुम्ही मला वाचवलं, असं अम्मी म्हणते."

मी कप खाली ठेवला.

"तो तीनदा थांबला, आपा. मी त्याला तिथं एकट्याला सोडलं."

त्यानंतर तिनं माझा फोन घेतला नाही.

यंदा सरांनी पुन्हा पाच शनिवार ठेवले. चौथा मंतशानं स्वतः मागून घेतला. एकच रचना वाजवणार आहे. तीच, दोन गिटारींची. दुसरं नाव पत्रिकेत नाही. मी सरांना म्हटलं, रद्द करा. सर म्हणाले, "पोरीला भावासाठी वाजवायचंय. मी कोण नाही म्हणणारा?"

आज गुरुवार. दुपारी सरांचाच फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. मंतशा सकाळी हॉलवर येऊन गेली. पडद्यामागं दोन खुर्च्या मांडून घेतल्या.

"तिच्याबरोबर कोणी होतं का, सर?"

"नाही. एकटीच आली होती. रिक्षापर्यंत मीच सोडलं. रिक्षात बसली अन्... एका कडेला सरकली, सोनिया. जागा करून द्यावी तशी. मग रिक्षावाल्याला म्हणाली, चला."

कार्यक्रम परवा आहे. सहा वाजता.