थोरलीचं मौन

“आईले तूनंच मारलं, ताई!”

आईच्या तेरवीची पंगत बसलेली असताना, चार पाहुण्यांदेखत, चारुशीलेने हे शब्द उच्चारले आणि वाढता वाढता पुष्पलतेचा हात जागीच थिजला...

“आठ महिने तिचा दम फुलून राहिला, पाय सुजून राहिले, अन् डॉक्टरीन पोरीले एक फोन नाही केला तूनं! काहून वं? काहून?”

पुष्पलता खाली मान घालून पुढच्या पानावर भात वाढू लागली. चारुशीला त्याच संध्याकाळी दिल्लीला निघून गेली, ती पुन्हा या दाराशी आली नाही.

नऊ वर्षं! वडील गेल्यावर हातमागावर बसून, स्वतःचं लग्न विसरून जिला शिकवलं, त्या धाकट्या बहिणीच्या एका हाकेसाठी आसुसलेली नऊ वर्षं! माग केव्हाच मोडीत निघाला. पुष्पलता गांधीबागेतल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागली. घरी यायचं, वाटीभर भात शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून गिळायचा, एवढाच तिचा संसार.

चारुशीला नागपुरात परतल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळलं. हृदय हळूहळू थकत जातं तो आजार आणि हृदयाभोवती साचणारी चरबी यांवर डॉ. चारुशीला धकाते संशोधन करत होत्या. अशा, म्हणजे आईसारख्याच, आजाराने गेलेल्यांची मोठी झालेली मुलं त्यांना तपासणीसाठी हवी होती. आपल्या हातचा घास नाही, निदान आपलं हृदय तरी तिच्या कामी येवो... या ओढीने, चारुशीला परगावी असल्याची खात्री करून, पुष्पलता तिच्या संशोधन केंद्रात गेली. कागदावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. हृदयाची तपासणी झाल्यावर मयुरा नावाची मदतनीस प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेत होती.

“आईंना मोठ्या दवाखान्यात का नाही नेलं?”

खोटं सांगितलं तर चारूचं काम खोटं ठरेल! नऊ वर्षांत प्रथमच तिचे ओठ उघडले.

“आई म्हणे, दिल्लीतल्या धाकटीले समजलं तं मोठ्या डॉक्टरकीची शेवटची परीक्षा टाकून येईन. शपथ घातली मले. गल्लीतल्या डॉक्टरचं दम्याचं औषध घेत राहिली...”

पुढच्या रविवारी दुपारी दार वाजलं. दारात चारुशीला! हातात मयुराने उत्तरं लिहिलेला तोच कागद होता.

“आई गेल्यावर तरी सांगायचं होतं नं, ताई! मी काय काय बोलली तुले... अन् तू ऐकून घेत राहिली?”

“मेलेल्या आईवर रागावून तू कोणाजवळ रडली असती, चारू? म्या म्हटलं, माह्यावरच राग राहू दे. मी तं जिवंत हाय नं...”

“ताई वं!” चारुशीलेने तिच्या पायांवर अंग टाकलं. पुष्पलतेने तिला उठवून कुशीत घेतलं.

मग डोळे पुसत चारुशीला म्हणाली, “इतकी वाळकी तू, पण तुह्याही हृदयाभोवती चरबी साचून राहिली हाय. आईच्या वेळी उशीर झाला. आता नाही होऊ देणार. उद्या माह्यासोबत चाल.”

तिने बहिणीचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहत नाडी मोजू लागली. मिनिट सरलं, डोळे पुन्हा भरले, आकडा विसरला... चारुशीलेने तो हात काही सोडला नाही.