निनादच्या मनगट्या

बारशाला आत्यानं मनगट्या आणायच्या, ही रीत विभावरीनं मोडली नाही. फक्त त्या काळ्या मण्यांमधला एक मणी तिच्या प्रयोगशाळेतला होता. त्याला ती ‘सांभाळमणी’ म्हणे. मनगट्या घालणाऱ्याची नाडी तो ऐके आणि जवळच्या माणसाचीही. दुसऱ्याच्या सोबतीनं पहिल्याची नाडी निवांत झाली, की तेवढाच वेळ सांभाळाचा धरे. बाळाशेजारी बसून फोन बघितलेला वेळ त्यात येत नसे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात खरं. पण आईबापांना असा आरसा हवाच असतो!

निनादच्या आईला, वृंदाला, मात्र तो आरसा सोसला नाही. निनाद तीन महिन्यांचा झाला आणि मण्याशी जोडलेल्या फोनच्या पडद्यावर रोज तेच दिसू लागलं: बाबाचे तीन तास, शेजारच्या सुमनकाकूंचा एक, आईचा जेमतेम अर्धा. बाळंतपणापासून तिचं मन उदास होतं. आपण आई म्हणून कच्च्या, ही शंका होतीच. आता यंत्रानंही मान डोलावली. बाळाला वर्षभर संगमनेरला आपल्या आईकडे ठेवायचं तिनं ठरवलं. नवऱ्यानं, केदारनं, परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं शेवटी आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं.

विभावरी आली तेव्हा वृंदा पायांवर बाळाला घेऊन तेल लावत होती. दाराशी बॅग भरलेली होती.

“वृंदा, याच्या मनगट्या कुठायत गं?”

“तेलानं खराब होतील ना, ताई. पाजतानाही टोचतात त्याला, झोपवतानाही. मग काढून मंगळसूत्रात अडकवते. हरवत नाहीत.”

काळ्या मण्यांत काळे मणी, अगदी छातीशी. विभावरीनं घाईघाईनं मण्यातल्या मूळ नोंदी उघडल्या आणि बघतच राहिली.

“हा सगळा वेळ मण्यानं चूक म्हणून टाकून दिलाय. मनगट्या बाळाच्या, आणि नाडी मोठ्या माणसाची! पण हे बघ. तुझी धडधड वाढलेली असते. तू त्याला उचलतेस, आणि ती उतरत जाते. रोज. कितीतरी तास.”

“म्हणजे मी त्याला सांभाळते?”

“ते तर आहेच गं. पण मण्यानं ऐकलंय ते उलटं आहे. इथं सांभाळणारा निनाद आहे.”

ज्याला अजून कूस पालटता येत नाही, ते पोर! वृंदा त्याच्याकडे नव्यानं पाहू लागली. तेलकट मुठीत त्यानं तिचं मंगळसूत्र घट्ट धरलं होतं. तिला रडू फुटलं आणि हसूही आलं. मग तिची नजर दाराशी गेली, बॅगेवर.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “याला पाठवलं असतं, तर मला कोणी सांभाळलं असतं?”